चोडणच्या पावसासाठी सायकलचे ग्रीस : प्रकल्प नोंदी

४ मे २०२४

पावसाआधी वाड्यावरच्या सायकलींची बेअरिंगे उघडायची, धुवायची, नवे ग्रीस भरून बंद करायची आणि चतुर्थी आटोपली की पुन्हा उघडून आत काय शिल्लक आहे ते पाहायचे. काम एवढेच. यादीत पोदेराची, म्हणजे घरोघरी पाव विकणाऱ्याची, काळी दांडीची सायकल आहे, शेजारच्या मुलीची गिअरची आहे, वाचनालय सांभाळणाऱ्या काकांची जुनी आहे आणि माझी अ‍ॅल्युमिनियम हबची. धुणे-भरणे कोणालाही जमते. ग्रीस कोणते घ्यायचे याचे मात्र मला नीट उत्तर हवे आहे, कारण आमच्याकडे सायकलचा हब, म्हणजे चाकाचा बेअरिंगे असलेला मधला भाग, झिजण्याआधी गंजतो.

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाहून पणजीला जायचे तर रायबंदरची फेरीबोट. भरतीला धक्क्याच्या उतारावर पाणी चढलेले असते आणि सायकल त्यातूनच बोटीत चढवावी लागते. उन्हाळ्यात मांडवीचे हे पाणी खारे असते, समुद्राचे मीठ नदीत बरेच आतपर्यंत येते. पाऊस लागला की घाटातून उतरणारे पाणी ते मीठ बाहेर ढकलते आणि जुलै-ऑगस्टात तीच नदी जवळपास गोडी होते. म्हणजे मे महिन्यात पाणी कमी पण मीठ जास्त, जुलैत मीठ कमी पण पाणी अमाप. शिवाय खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावरून जाणाऱ्यांच्या चाकांना चिखल लागतो तो वेगळाच. ग्रीसला हे सगळे सोसायचे आहे.

६ मे २०२४

पोदेर पहाटे आणि संध्याकाळी पाव घेऊन फिरतो, त्यामुळे त्याची सायकल दुपारच्या मधल्या वेळातच मिळते. आज मागचे चाक सोडवून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, घेतले. ताटात जुने फडके अंथरून त्यावर एक्सल, म्हणजे हबमधला दांडा, काढला, म्हणजे छरे घरंगळत नाहीत. मागच्या हबला एका बाजूला १/४ इंचाचे नऊ छरे, पुढच्याला ३/१६ इंचाचे दहा.

आतून ग्रीस म्हणावे असे काहीच निघाले नाही. निघाला तो तांबूस चिकट लगदा: गंज, तेल आणि चिऱ्याची लाल धूळ. गंजाची पूड तेलात कालवली गेली की घासायची पेस्टच तयार होते, आणि ती नेमकी छऱ्यांच्या वाटेवर बसते.

एक्सलवरच्या शंकूसारख्या उजव्या कोनाला खड्डे पडले आहेत आणि ते सगळे एकाच बाजूला आहेत. चाक फिरते, कोन फिरत नाही. जमिनीचा रेटा कायम खालून वर येतो, म्हणून कोनाची खालची कमानच जन्मभर भार वाहते. त्यात कोनाचा पृष्ठभाग बाहेरून गोल आणि हबमधल्या वाटीचा, म्हणजे कपाचा, आतून गोल, त्यामुळे छऱ्याचा कोनाशी स्पर्श लहान आणि दाब जास्त. कोन आधी जातो, कप मागाहून. कोन स्वस्त आहे आणि सहज बदलतो. कप गेला तर बहुतेक जण हबच बदलतात. म्हणून खड्डे दिसताच कोन बदलायचा, आणि छरे सगळेच्या सगळे. जुन्यात चार नवे मिसळले तर मापातल्या बारीक फरकामुळे सगळा भार त्या चारांवर येतो.

पोदेर म्हणाला, "बाब, मी तर नेमाने तेल सोडतो, मग आत असे कसे?"

जुन्या हबच्या मधोमध तेलाचे भोक असते, त्यावर स्प्रिंगची पट्टी. तो त्यातून गाडीचे इंजिन ऑइल सोडत होता. त्या हबांची मूळ रचना तशीच होती, तेल घालत राहायचे आणि ते झिरपताना मळ बाहेर घेऊन जायचे. आता मात्र त्याच हबांत ग्रीस भरतात. वरून पातळ तेल आले की ग्रीस सैल होऊन बाहेर येते आणि पाण्याला अडवायला काही उरत नाही. मी त्याला म्हटले, "तेल आता बंद करा. आत जे भरू ते पावसाळाभर टिकायला हवे." त्याने पट्टीवरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून भोक झाकायला सांगितले. कल्पना चांगली आहे, तसेच केले.

९ मे २०२४

ग्रीस विकणारा आधी उष्णतेबद्दल सांगतो. किती अंशांपर्यंत वितळत नाही, केवढ्या वेगाला टिकते. म्हणून दुकानात जाण्याआधी सायकलीला यातले किती लागते ते मांडून पाहिले.

२८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर आणि वर थोडे. चाक मिनिटाला दीडशे फेरे घेते. मोटारीचे चाक ताशी ८० ला सातशेच्या घरात फिरते आणि शेजारची ब्रेकची तबकडी त्याला तापवत असते. सायकलच्या हबला चालण्याने जाणवण्याइतकी उष्णताच येत नाही. सायकल उन्हात उभी असताना तो तापतो तेवढाच. अपवाद हबच्या आत ब्रेक असलेल्या सायकलींचा, उलट पेडल मारून थांबणाऱ्या किंवा ड्रम ब्रेकच्या. तिथे उष्णता सोसणारे ग्रीसच हवे. आमच्या यादीत तशी एकही नाही.

साध्या लिथियम ग्रीसचा वितळबिंदू १८० ते २०० अंश सेल्सियस, लिथियम कॉम्प्लेक्सचा २६० च्या वर. आमच्या हबला दोन्ही सारखेच. डब्यावर ठळक छापलेला हा आकडा निवडीतून बाद. वेगही बाद. उरले पाणी, मीठ, धूळ, आणि एवढ्या संथ गतीला छऱ्याखाली तेलाचा थर टिकणे.

१० मे २०२४

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गर्दी खूप, पण बाजारासोबत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानेही उरकता आली.

आणलेली ग्रीसे: सगळीकडे एपी-३ म्हणून मिळते ते लिथियम, ट्रकवाले घेतात ते चॅसिस ग्रीस, म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचे, मोटारीच्या चाकासाठीचे निळे लिथियम कॉम्प्लेक्स, आणि काळे ग्रॅफाइट ग्रीस. पांढऱ्या लिथियमचा फवारा घरी होताच.

ग्रीस म्हणजे ७० ते ९५ टक्के तेलच. बाकी त्याला धरून ठेवणारा साबण, आणि थोडी रसायने: गंज रोखणारी, तेल खराब होऊ न देणारी, दाब सोसणारी. साबणाच्या तंतूंचे जाळे तेल धरून ठेवते आणि बेअरिंग फिरले की थोडे थोडे सोडते. पाण्याशी ग्रीस कसे वागेल हे बरेचसे या साबणावर ठरते. फार पूर्वी सोडियमच्या साबणाची ग्रीसे सर्रास वापरात होती, ती पाण्यात विरघळत. कॅल्शियमचे साबण पाण्याला जुमानत नाहीत, पण जुन्या पद्धतीची कॅल्शियम ग्रीसे शंभर अंशांच्या आतच ढासळतात. १९४० च्या दशकात लिथियम ग्रीस आले. त्यात उष्णता सोसण्याची ताकद होती आणि पाण्याला बऱ्यापैकी तोंड देण्याचीही, त्यामुळे एकच डबा सगळीकडे चालू लागला आणि आजही चालतो.

एपी-३ मधला ३ हा घट्टपणाचा क्रमांक. हे क्रमांक १९३३ साली स्थापन झालेल्या एनएलजीआय या अमेरिकी संस्थेचे. ठरावीक शंकू २५ अंश तापमानाच्या ग्रीसवर सोडायचा आणि पाच सेकंदांत तो किती रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचे. २६५ ते २९५ आले तर २ नंबर, २२० ते २५० आले तर ३ नंबर. आकडा वाढतो तसे ग्रीस घट्ट. हबला २ नंबर बरा. घट्ट ग्रीस छऱ्यांनी बाजूला सारले की तिथेच राहते, वाटेवर लवकर परत येत नाही.

दुकानात दोघे जण रंगावर वाद घालत होते, निळे चांगले की लाल. रंग कारखान्यात घातलेला असतो. त्यावरून आतला साबण कळत नाही, तेलही कळत नाही. डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात, आणि जिथे साबणाचे नावच दिलेले नाही तो डबा मी घेत नाही.

१४ मे २०२४

मालीमच्या जेटीवर गेलो. तिथे बोटींची कामे करणारे एक मिस्त्रीकाका ओळखीचे आहेत, सबंध आयुष्य खाऱ्या पाण्यात हात बुडवून काढले. त्यांना विचारले, "काका, तुम्ही खाऱ्या पाण्यातल्या बेअरिंगला काय घालता?" त्यांनी डबाच पुढे केला. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स, २ नंबर.

म्हणाले, "पूर्वी चॅसिसचे घालायचो. पाण्याने जात नाही ते, पण उन्हात सैल पडते. हे जागचे हलत नाही. महाग आहे, पण तुझ्या सायकलला लागते किती?" तेही खरेच. एका हबला जेमतेम दोन-तीन चमचे. बोटीच्या हिशोबात महागाई जाणवते, सायकलच्या हिशोबात नाही.

या ग्रीसची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतर ग्रीसांत साबण तेल धरून ठेवतो आणि गंज रोखायला वेगळे रसायन घालावे लागते. इथे घट्टपणा देणारा पदार्थ स्वतःच गंज रोखतो. सल्फोनेट धातूला चिकटून राहते आणि त्यातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण दाबही सोसतात. पाणी धुऊन गेले तरी संरक्षण धातूवर राहते. पाण्याने ग्रीस वाहून न जाणे एक आणि ग्रीसखालचे लोखंड न गंजणे दुसरे. प्रयोगशाळेतही दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या असतात. पहिलीत उत्तम ठरलेले ग्रीस दुसरीत नापास होऊ शकते. डब्यावर नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तर ते बहुधा पहिल्याबद्दलच बोलत असते.

काकांनी एका डबीत भरून दिले, पैसे घेतले नाहीत. १ जूनपासून मासेमारी बंदी, बोटी वर ओढल्या की त्यांना मान वर करायला वेळ नसतो. त्याआधी गाठ पडली हे बरे झाले.

१५ मे २०२४

चाचण्या लावल्या. साधे लोखंडी खिळे डिझेलने धुऊन वाळवले, प्रत्येकाला वेगळ्या ग्रीसचा पातळ थर दिला आणि जास्तीचे पुसून टाकले. जाड थर दिला तर कोणतेही ग्रीस जिंकते, मग फरक कळत नाही. एक संच धक्क्यावरून आणलेल्या पाण्यात, दुसरा एका लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून केलेल्या पाण्यात. समुद्राचा खारटपणा साधारण तेवढा असतो. खिळे अर्धे पाण्यात आणि अर्धे बाहेर ठेवले आहेत, कारण गंज सर्वांत जोरात चढतो तो पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर.

त्याशिवाय काचेच्या तुकड्यावर प्रत्येक ग्रीसचा गोळा, वर थोडे पाणी, आणि बोथट सुरीने घोटणे. आणि प्रत्येकाचा एक ठिपका टिपकागदावर लावून पत्र्यावर उन्हात.

घोटण्याचे निकाल लगेच मिळाले. एपी-३ ने पाणी पोटात घेतले, रंग फिकट होत ताकासारखा झाला आणि ग्रीस मऊ पडले. लिथियम कॉम्प्लेक्स तसेच वागले, पण बरेच सावकाश. चॅसिस ग्रीसवरून पाण्याचे थेंब घरंगळत राहिले. सल्फोनेटने थोडे पाणी घेतले, पण सैल झाले नाही.

१९ मे २०२४

उघड्या खिळ्याला दुसऱ्याच सकाळी गंज चढला होता. फवाऱ्याचा खिळा त्याच्या मागोमाग. फवाऱ्यातला पातळ द्रव उडून गेला की मागे उरणारा थर फारच कमी असतो. बिजागरीला, कुलपाला ठीक आहे, हबला मुळीच नाही.

एपी-३ च्या खिळ्याला पाण्याच्या रेषेवर तपकिरी ठिपके आले आहेत. निळ्या कॉम्प्लेक्सला कमी, पण आहेत. चॅसिसचा खिळा पाण्यातल्या भागात स्वच्छ, रेषेवर एक डाग. सल्फोनेटचा खिळा पुसला तर खालचे लोखंड जसेच्या तसे.

टिपकागदावर चॅसिस ग्रीस पसरले आहे आणि त्याच्याभोवती तेलाचे मोठे वर्तुळ पडले आहे. मिस्त्रीकाका म्हणाले ते हेच. इतरांची वर्तुळे लहान.

ग्रॅफाइटचे ग्रीस मी चाचणीआधीच बाजूला ठेवले. ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला लागून खारे पाणी मिळाले की त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. माझा हब, मुलीच्या सायकलीचा हब, सीटचा दांडा, सगळे अ‍ॅल्युमिनियम. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सायकलीवर ते वापरू नये असे माझे ठाम मत आहे. मोलिब्डेनमची ग्रीसेही हबला कामाची नाहीत. ते कण घसरणाऱ्या भागांसाठी चांगले, छरे घरंगळतात.

२४ मे २०२४

ग्रीसमधले तेल किती दाट असावे, हा प्रश्न राहिला होता. बेअरिंगच्या कारखान्यांचे यासाठी ठरलेले सूत्र आहे: बेअरिंगचा सरासरी व्यास आणि मिनिटाचे फेरे घातले की चालत्या तापमानाला तेलाची किमान किती दाटी हवी ते निघते. माझ्या हबमध्ये ६००१ क्रमांकाची बंद बेअरिंगे आहेत, आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा २८, म्हणजे सरासरी २०. दीडशे फेऱ्यांना उत्तर येते दीडशे सेंटिस्टोकच्या (तेलाच्या दाटीचे एकक) आसपास.

गती जितकी संथ तितके तेल दाट हवे, कारण थर तयार व्हायला वेगाची मदत मिळत नाही. वेगाने फिरणाऱ्या मोटरचे पातळ तेलाचे ग्रीस इथे म्हणूनच चुकीचे. बाजारात नेहमीच्या ग्रीसमध्ये ४० अंशांना शंभर-एकशेवीसचे तेल असते, ते आमच्या हवेत काठावर पास होते. १५० ते २२० चे मिळाले तर निश्चिंत. मिस्त्रीकाकांच्या डब्यावर २२० आहे. हाताने एक्सल फिरवला तर तो जड लागेल, आणि ते पाहून काही जण पातळ ग्रीस मागतात. पण चालवताना टायर आणि वाऱ्याच्या विरोधापुढे हा जडपणा जाणवतही नाही.

निवड झाली. पोदेराची आणि माझी सायकल रोज फेरीला असते, त्यांना कॅल्शियम सल्फोनेट. मुलीची सायकल वाड्यातच फिरते, तिला निळे लिथियम कॉम्प्लेक्स. वाचनालयाच्या काकांना सगळे समजावून सांगितले आणि त्यांच्या संमतीने त्यांच्या पुढच्या हबमध्ये एपी-३, म्हणजे तुलना करता येईल. बहुतेक दुकानांत हेच भरतात, त्यामुळे ते नेमके कुठवर पुरते हे कळणे गरजेचे आहे.

२८ मे २०२४

भरण्याचे काम. निवडीइतकेच महत्त्व याला आहे.

जुने ग्रीस पूर्ण काढायचे. दोन वेगळ्या साबणांची ग्रीसे एकत्र आली तर कधी चालते, कधी दोन्हींची जाळी मोडून मिश्रण पातळ होते. पॉलियुरियाचे, म्हणजे साबणाऐवजी त्या पदार्थाने घट्ट केलेले, ग्रीस बऱ्याच लिथियम ग्रीसांशी पटत नाही, आणि बंद बेअरिंगांत कारखान्यातून पुष्कळदा पॉलियुरियाच आलेले असते. चिकणमातीवर केलेल्या ग्रीसांचे तर जवळपास कोणाशीच पटत नाही. आत आधी काय होते ते माहीत नसले की एकच उपाय, डिझेलने धुणे, पुसणे, पुन्हा धुणे. शेवटी थोड्या पेट्रोलने, मोकळ्या हवेत, कारण डिझेल मागे तेलकट थर ठेवते आणि तो नव्या ग्रीसला सैल करतो. मग हब उन्हात कोरडा.

कपात ग्रीसचा जाड कठडा द्यायचा, छरे त्यात रोवायचे, वरून पुन्हा ग्रीस. विजेच्या मोटरच्या बेअरिंगमध्ये एक तृतीयांश भरा म्हणतात, कारण जास्त भरले तर वेगाने घुसळून ते तापते. तो नियम सायकलीला लावू नये. मिनिटाला दीडशे फेऱ्यांना काही तापत नाही, आणि इथे ग्रीसला वंगणाशिवाय बांधाचेही काम करायचे आहे. कप पूर्ण भरला, कोनाभोवती भरले, धुळीच्या टोपणाच्या आत कडेने गोल थर दिला. एक्सल बसवताना बाहेर आले तेवढे पुसले. पुसून टाकले नाही तर त्याला वाळू चिकटते.

कोनाची घट्ट-ढिली ही हाताने कळते. नट आवळून झाल्यावर चाक सहज फिरावे आणि रिम धरून हलवली तर खेळ नसावा. क्विक रिलीज, म्हणजे पान्याऐवजी दांडी दाबून बसवायच्या, चाकाला मात्र बारीकसा खेळ ठेवायचा, दांडी दाबली की एक्सल किंचित आखडतो आणि तो खेळ संपतो. हे न पाळता घट्ट केलेल्या कोनाला जगातले कोणतेच ग्रीस वाचवू शकत नाही.

पोदेराला नवा कोन आणि नवे छरे. संध्याकाळची फेरी चुकू दिली नाही.

२ जून २०२४

माझ्या हबमधली ६००१ बंद बेअरिंगे. रबराचे झाकण पातळ पात्याने आतल्या कडेकडून हलकेच उचलले, झाकणाची कड दुमडली तर मग पाणी थेट आत. आतले ग्रीस कारखान्याने जागेच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर भरलेले असते. धुऊन सल्फोनेट जवळपास काठोकाठ भरले. एक बेअरिंग बोटावर फिरवताना खरखरले, ते भरण्यात अर्थ नव्हता. ६००१ कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, नवे आणले, पण तेही आधी उघडून भरून घेतले.

फ्रीव्हीलला, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या दातेरी चक्राला, ग्रीस नाही. त्यातले खटके केसासारख्या बारीक स्प्रिंगवर उडतात. घट्ट ग्रीसने ते चिकटून बसले की पेडल मोकळे फिरते आणि चढावर ते धोक्याचे. तिथे दाट तेलाचे थेंब, पावसात वरचेवर.

हेडसेटच्या, म्हणजे हँडल वळते त्या बेअरिंगांच्या, खालच्या कपाला हबइतकेच मनापासून भरले. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी थेट त्यावर आदळते आणि तो कोणी उघडत नाही.

७ जुलै २०२४

पाऊस आहेच. सायकली फिरत आहेत, कोणाचा आवाज नाही. पोदेराला एकच गोष्ट पुन्हा सांगितली: चिखल धुताना पाण्याची जोरदार धार हबच्या टोकावर धरू नये, बादली आणि फडके पुरते. काकांची सायकल पडवीच्या कडेला बरेच दिवस तशीच उभी दिसली, पागोळ्या पुढच्या चाकावर पडत होत्या. ती आत घेतली.

१५ सप्टेंबर २०२४

चतुर्थीचे पाहुणे गेले, नवे ग्रीस भरलेली सगळी चाके आज उघडली.

पोदेराचा मागचा हब: टोपणाजवळ ग्रीसचा बाहेरचा थर काळपट-लाल, त्यात चिऱ्याची धूळ अडकलेली. तो बोटाने काढला तर आतले ग्रीस मूळ रंगाचे. छरे चकचकीत, नव्या कोनावर नुसती झळाळीची रेघ. बाहेरच्या थराने मळ अडवला आणि आत येऊ दिला नाही, त्याच्याकडून अपेक्षा हीच होती. बाहेरचा थर तेवढा बदलला, बाकी हात लावला नाही.

माझी बेअरिंगे: झाकण उचलून पाहिले, तसेच बंद केले.

मुलीची सायकल: लिथियम कॉम्प्लेक्स किंचित फिकट, पण घट्टपणा टिकून आहे, गंज नाही. फेरी न करणाऱ्या सायकलीला हे पुरेसे आहे आणि मोटारीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते.

काकांचा पुढचा हब: डावी बाजू ठीक. उजवी, म्हणजे पागोळ्यांच्या बाजूची, आत फिकट पांढरट झालेली आणि दोन छऱ्यांवर गंजाचे ठिपके. यात सगळा दोष एपी-३ चा नाही. सायकल एका जागी उभी राहिली की आत शिरलेले पाणी छऱ्याखाली त्याच ठिकाणी साचून राहते, फिरत्या चाकात ते पसरते आणि नवे ग्रीस वाटेवर येत राहते. रोज चालणाऱ्या आणि दर पावसाळ्याआधी-नंतर उघडल्या जाणाऱ्या सायकलीला एपी-३ निभावून नेईल. कमी वापराच्या, बाहेर उभ्या राहणाऱ्या सायकलीला उलट चांगले ग्रीस हवे. लोक नेमके याच्या उलटे करतात. चालत नाही म्हणून तिच्याकडे पाहतच नाहीत.

काकांच्या हबला नवे छरे घातले, कोन आणि कप वाचले आहेत. धुऊन सल्फोनेट भरले. डबी आता तळाशी आली आहे, तेव्हा बोटींच्या हंगामाची गडबड थोडी कमी झाली की मालीमहून अर्ध्या किलोचा डबा विकत आणायचा आणि वाड्यावरच्या आणखी कोणाकोणाची चाके उघडायची ती यादी काकांनी वाचनालयाच्या फळ्यावर लिहायला घेतली आहे. पोदेराचे पुढचे चाक आणि सगळ्यांचे बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांच्या मधली बेअरिंगे, दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.